१३ एप्रिलला आपण कुणाची आठवण काढतो?

मार्च महिना लागला की आमच्या थेरगावात जयंतीच्या बैठका सुरू होतात. यंदाही झाली. विहाराच्या हॉलमध्ये पंचवीस-तीस जण होते. बहुतेक चाकण-भोसरीच्या कंपन्यांत कंत्राटी कामाला असलेली पोरं, फर्स्ट शिफ्ट सुटल्यावर थेट आलेली. डीजे किती वाजेपर्यंत, मिरवणूक डांगे चौकातून कशी न्यायची, वर्गणी कुठवर आली, असे नेहमीचे विषय झाले. मग विषय निघाला प्रमुख पाहुण्यांचा. टीव्ही मालिकेतल्या एका कलाकाराला बोलवायचं घाटत होतं. तासाभराच्या हजेरीचे दीड लाख.

मी म्हणाले, "दीड लाखात अभ्यासिकेची वर्षभराची पुस्तकं आणि लाईटबिल निघेल."

एक दादा म्हणाला, "ताई, खरंय तुमचं. पण अभ्यासिका बघायला कोण येतं? सेलिब्रिटी आला की पोरं येतात, बायका येतात, गर्दी दिसते."

मी म्हणाले, "कलाकारच पाहिजे असेल तर आपलाही एक होता. वीरा साथीदार. १३ एप्रिलला त्यांचा स्मृतिदिन असतो, जयंतीच्या आदल्या दिवशी. त्यांची आठवण तरी काढू."

हॉलमध्ये कुणीच काही बोललं नाही. शेवटी एस.वाय.बी.ए.ला असलेली, अभ्यासिकेत नेमाने येणारी एक मुलगी म्हणाली, "ताई, कोण वीरा साथीदार?"

तिला त्या रात्री मी दोन-चार वाक्यांत उत्तर दिलं. ते अपुरं होतं, म्हणून हा लेख. आणि तिच्यावर रागवायचं काही कारण नाही. जी गोष्ट आपण तिला सांगितलीच नाही, ती तिला माहीत नसणं हा तिचा दोष नाही, आपला आहे.

वीरा साथीदार नागपूरचे. आंबेडकरी चळवळीतले कार्यकर्ते, लेखक, 'विद्रोही' या नियतकालिकाचे संपादक, 'इप्टा' या नाट्यचळवळीशी जोडलेले. आयुष्यभर वस्त्यांमध्ये, मोर्च्यांमध्ये, सभांमध्ये वावरलेला हा माणूस. पन्नाशी उलटल्यावर त्यांच्या वाट्याला सिनेमा आला. चैतन्य ताम्हाणे या तरुण दिग्दर्शकाच्या 'कोर्ट' चित्रपटात त्यांनी लोकशाहीर नारायण कांबळे यांची मध्यवर्ती भूमिका केली. २०१४ साली व्हेनिसच्या महोत्सवात या चित्रपटाने पारितोषिकं मिळवली. त्यानंतर त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. एप्रिल २०१५ मध्ये तो आपल्याकडे प्रदर्शित झाला आणि त्याच वर्षी भारताने ऑस्करसाठी अधिकृत प्रवेशिका म्हणून तो पाठवला.

१३ एप्रिल २०२१ रोजी नागपुरात कोरोनाने त्यांचं निधन झालं. आठवा तो एप्रिल. बेड मिळत नव्हते, ऑक्सिजन मिळत नव्हता, राज्यात कडक निर्बंध लागले होते. दुसऱ्या दिवशीची जयंती आपण घरातल्या घरात, दिवा लावून साजरी केली. त्या गदारोळात साथीदार गेल्याची बातमी फोनवर आली आणि पुढच्या मेसेजखाली दबून गेली. तेव्हा आठवण काढायला सवड नव्हती हे मान्य. पण त्यानंतर इतक्या जयंत्या रस्त्यावर झाल्या, तेव्हा काय अडचण होती?

आता 'कोर्ट'ची गोष्ट, ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी. नारायण कांबळे हे म्हातारे शाहीर मुलांच्या शिकवण्या घेतात आणि वस्त्यांमध्ये गातात. एका कार्यक्रमात त्यांना पोलीस उचलतात. आरोप काय? तर त्यांचं गाणं ऐकून वासुदेव पवार नावाच्या सफाई कामगाराने मॅनहोलमध्ये उतरून आत्महत्या केली. म्हणजे आत्महत्येस प्रवृत्त केलं. खटला चालतो, तारखा पडतात. जामीन मिळतो, तर पुन्हा अटक होते आणि या वेळी यूएपीए लागतो.

मग साक्षीला वासुदेवची बायको येते. ती जे सांगते ते ऐकून आपल्या घशात आवंढा येतो, पण ती मात्र साध्या आवाजात बोलत राहते. नवऱ्याला मास्क नव्हता, बूट नव्हते. वास सहन व्हावा म्हणून तो दारू प्यायचा. विषारी वायूने त्याचा एक डोळा गेला होता. आत उतरण्याआधी तो झुरळं बाहेर येतात का ते बघायचा. झुरळ आलं तर खाली हवा आहे, उतरायला हरकत नाही.

मी समाजशास्त्र शिकले तेव्हा 'संरचनात्मक हिंसा' या शब्दावर आम्हाला पंधरा मार्कांचा प्रश्न असायचा. त्या झुरळात त्या प्रश्नाचं सगळं उत्तर आहे. माणसाच्या जिवाची चाचणी करायला व्यवस्थेकडे झुरळ आहे. आणि कोर्टात उभं कोण आहे? गटारात माणूस उतरवणारा ठेकेदार नाही, त्याला काम देणारं कार्यालय नाही. उभा आहे गाणारा.

हे फक्त सिनेमात घडतं असं समजू नका. हाताने मैला साफ करण्याच्या प्रथेविरुद्ध १९९३ साली कायदा झाला, २०१३ साली दुसरा झाला. मार्च २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गटारात मेलेल्या कामगारांच्या कुटुंबांना प्रत्येकी १० लाख रुपये देण्याचा आदेश दिला. ऑक्टोबर २०२३ मध्ये ती रक्कम ३० लाख केली. भरपाई वाढली याचा अर्थ नीट समजून घ्या. मरणं थांबलेली नाहीत, म्हणून ती वाढवावी लागली. आपल्या या औद्योगिक पट्ट्यात रोज नव्या सोसायट्या उभ्या राहतात. त्या प्रत्येक सोसायटीखाली सेप्टिक टँक आहे, ड्रेनेजचा चेंबर आहे. तो साफ करायला कोणत्या वस्तीतून माणूस बोलावला जातो, हे या लेखाच्या वाचकांना सांगायची गरज नाही.

साथीदारांनी ही भूमिका केली हा योगायोग नव्हता. शाहिराचं काम करायला कुणी नट सापडला असता, त्याने दाढी वाढवली असती, डफ धरायला शिकला असता. पण पडद्यावरचे साथीदार शाहिराचं सोंग घेतल्यासारखे वाटत नाहीत, कारण त्या माणसाचं जगणं त्यांना ओळखीचं होतं. ते पोलिसांकडे बघतात, न्यायाधीशांकडे बघतात, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर आश्चर्य नसतं. ज्याने असे कितीतरी खटले जवळून पाहिलेत त्याचा थकवा असतो आणि तरीही वाकणार नाही असा ताठपणा असतो. हे कुठल्या अभिनयाच्या शाळेत मिळत नाही. हे चळवळीत मिळतं.

आता तो दादा म्हणाला त्या मुद्द्याकडे येते, कारण त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे. आपल्या माणसाला पडद्यावर बघायची आपली भूक खरी आहे. 'फँड्री'त जब्याने मारलेला दगड बघून अंगावर काटा आला तो खोटा नव्हता. 'झुंड'मध्ये हिंदी सिनेमाच्या मोठ्या पडद्यावर बाबासाहेबांची तसबीर आणि जयंतीची मिरवणूक दिसली तेव्हा आपण शिट्ट्या मारल्या, त्यातही काही चुकलं नाही. ज्या समाजाला शंभर वर्षं पडद्यावर एक तर दाखवलंच नाही, किंवा दाखवलं ते हात जोडून उभं असलेलं, त्याला आपला चेहरा बघावासा वाटणारच.

पण चेहरा दिसणं आणि चळवळ पुढे जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हे आपल्याआधी अमेरिकेतल्या काळ्या लोकांनी फार मोल देऊन शिकून घेतलं. त्यांचं आणि आपलं नातं जुनं आहे. बाबासाहेबांनी १९४६ साली डब्ल्यू. ई. बी. डु बॉईस यांना पत्र लिहून त्यांच्या लढ्याची चौकशी केली होती. १९७२ साली आपल्या पोरांनी ब्लॅक पँथरवरून दलित पँथर हे नाव घेतलं. म्हणून त्यांच्या दोन अभिनेत्रींची उदाहरणं इथे देते.

पहिली हॅटी मॅकडॅनियल. आईवडील दोघेही गुलामगिरीत जन्मलेले. 'गॉन विथ द विंड'मधल्या मोलकरणीच्या भूमिकेसाठी तिला १९४० साली ऑस्कर मिळालं, ऑस्कर मिळवणारी ती पहिली काळी व्यक्ती. पण त्या रात्री त्या हॉटेलात काळ्यांना प्रवेश नव्हता. तिच्यासाठी मेहेरबानी म्हणून परवानगी काढली गेली आणि तिला भिंतीकडेच्या वेगळ्या टेबलावर बसवलं. पुरस्कार हातात आला, टेबल वेगळंच राहिलं. तिचं कौतुक करणारा समाज आणि तिला वेगळं बसवणारा समाज एकच होता.

दुसरी रूबी डी. जन्म १९२२, न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत वाढलेली. 'अ रेझिन इन द सन' या नाटकात आणि १९६१ च्या चित्रपटात तिने गोऱ्यांच्या घरी कामाला जाणाऱ्या बाईची भूमिका केली. गोऱ्या वस्तीत घर घेऊ पाहणाऱ्या काळ्या कुटुंबाची ती गोष्ट आहे. वाकड-हिंजवडीकडे भाड्याने घर शोधताना "आडनाव काय?" हा प्रश्न ज्यांनी ऐकलाय त्यांना ती परकी वाटणार नाही. पण रूबी डी भूमिका करून घरी बसली नाही. २८ ऑगस्ट १९६३ च्या वॉशिंग्टन मोर्चात, जिथे मार्टिन ल्यूथर किंग यांचं गाजलेलं भाषण झालं, तिथे ती आणि तिचा नवरा ओसी डेव्हिस व्यासपीठावर सूत्रसंचालनाचं काम करत होते. १९६५ साली माल्कम एक्स यांची हत्या झाली तेव्हा अनेक नामवंत लांब राहिले. अंत्यविधीचं भाषण ओसी डेव्हिसने केलं. आणि १९९९ साली न्यूयॉर्क पोलिसांनी अमादू डियालो या नि:शस्त्र तरुणावर ४१ गोळ्या झाडल्या, तेव्हा पोलीस मुख्यालयापुढे धरणं धरून या दोघांनी अटक करून घेतली. रूबी डी तेव्हा ७६ वर्षांची होती.

कलाकार आणि कार्यकर्ता ही दोन माणसं नाहीत, असं ती जगून दाखवत होती. वीरा साथीदार त्याच जातकुळीचे. म्हणून मी म्हणते की दीड लाखाच्या हजेरीत आणि साथीदारांच्या आठवणीत फरक फक्त पैशांचा नाही. एक कलाकार आपल्याला गर्दी देतो. दुसरा आपल्याला विचारतो की या गर्दीचं पुढे काय करणार.

बैठकीत एक ज्येष्ठ काका वेगळंच म्हणाले. "पोरी, नाटक-सिनेमा आपलं काम नाही. बाबासाहेबांनी तमाशाचे पैसे परत पाठवले होते." काकांचा मुद्दा टाळून चालणार नाही. महाडच्या सत्याग्रहाच्या सुमारास पठ्ठे बापूराव पवळाबाईंना सोबत घेऊन तमाशाच्या खेळांचं उत्पन्न चळवळीला द्यायला आले आणि बाबासाहेबांनी ते नाकारलं, ही गोष्ट आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या सांगितली जाते. बापूराव ब्राह्मण, पवळाबाई महार. पैसा कमावला जात होता तो आपल्या बाईला फडावर नाचवून, दुसऱ्यांच्या नजरेसाठी. तो पैसा नाकारण्यामागे स्वाभिमानाचा विचार होता. पण त्या नकारात पवळाबाईंच्या कष्टाचं, त्यांच्या माणूसपणाचं काय, हा प्रश्नही आता विचारला जातोय. तो विचारणाऱ्या अभ्यासक शैलजा पाईक येरवड्याच्या वस्तीत वाढल्या आणि २०२४ साली त्यांना अमेरिकेतली मॅकआर्थर फेलोशिप मिळाली. काकांची गोष्ट सांगताना आपण हा प्रश्नही सोबत सांगितला पाहिजे.

आणि दुसरी बाजू तर काकांना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. बाबासाहेबांनी कलेला दार बंद केलं नव्हतं. १९३० च्या दशकात भीमराव कर्डकांचे जलसे गावोगाव फिरले. पुढे वामनदादा कर्डक झाले, विलास घोगरे झाले, संभाजी भगत आहेत. 'कोर्ट'मधली गाणी भगतांचीच. म्हणजे प्रश्न कला हवी की नको हा नाहीच. मंच कुणाच्या ताब्यात आहे, आपला माणूस तिथे कुणासाठी उभा आहे आणि खाली उतरल्यावर तो वस्तीत परत येतो का, हे तीन प्रश्न आहेत. मालिकेतल्या कलाकाराला हे तीन प्रश्न लावून बघा, मग साथीदारांना लावून बघा.

आता शेवटची आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. गेल्या वर्षी मे महिन्यात नागपुरात वीरा साथीदारांच्या स्मृतीप्रीत्यर्थ कार्यक्रम झाला. त्यात फैज अहमद फैज यांची एक नज्म गायली गेली. त्यावरून सीताबर्डी पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदवला गेला. बातम्यांनुसार त्यात साथीदारांच्या पत्नी पुष्पा यांचंही नाव होतं. लावलेल्या कलमांत भारतीय न्याय संहितेचं कलम १५२ होतं, म्हणजे देशाचं सार्वभौमत्व आणि एकता धोक्यात आणण्याचं. राजद्रोहाच्या जुन्या कलमाची जागा आज जे कलम चालवतं, तेच हे.

मित्रांनो, हे पुन्हा एकदा सावकाश वाचा. गाणं गायलं म्हणून शाहिरावर खटला, ही सिनेमातली गोष्ट. तिला या देशाने राष्ट्रीय पुरस्कार दिला, ऑस्करला पाठवलं, समीक्षकांनी लेख लिहिले. दहा वर्षांनी त्याच शाहिराची भूमिका करणाऱ्या माणसाच्या स्मृतिसभेत गाणं गायलं गेलं आणि गुन्हा दाखल झाला. हॅटी मॅकडॅनियलचं टेबल आठवतंय ना? पडद्यावरचा कांबळे चालतो, सभागृहातला चालत नाही. तो गुन्हा न्यायालयात टिकेल की नाही ते कायदा ठरवेल. पण तेव्हा आपल्या किती मंडळांनी, किती विहारांनी निषेधाचं एक साधं पत्र काढलं? आमच्या थेरगावातून गेलं नाही. मीही पाठवलं नाही. कामाच्या रगाड्यात राहून गेलं, असं मी स्वतःला सांगितलं. हे इथे लिहिते, कारण दुसऱ्यांना विचारण्याआधी हा प्रश्न मला स्वतःला लागू होतो.

आणि पुष्पाताईंच्या निमित्ताने आणखी एक. रूबी डी आणि ओसी डेव्हिस यांचं नाव तिकडे जोडीने घेतलं जातं. आपल्याकडे कार्यकर्त्याचं नाव घेतो आणि त्याच्यासोबत, त्याच्या पश्चात काम पुढे नेणारी बाई 'पत्नी' या एका शब्दात उरते. आमच्या बैठकीत पाहुण्यांवर अर्धा तास चर्चा झाली. मंचावर वस्तीतली कोणती बाई बोलणार, यावर पाच मिनिटंही झाली नाही. खिरीचं मात्र लगेच ठरलं, ती महिला मंडळाकडे.

बैठकीचं पुढे काय झालं तेही सांगते. मतदान झालं. मालिकेतला कलाकार येणार आहे, १४ तारखेला. मी हरले. पण १३ तारखेला संध्याकाळी सातपासून विहाराचा हॉल आम्हाला मिळालाय. प्रोजेक्टर आणायची जबाबदारी त्याच दादाने घेतली, जो गर्दीचं बोलला होता. 'कोर्ट' दाखवण्याच्या परवानगीसाठी निर्मात्यांना पत्र लिहिलं आहे. परवानगी वेळेत आली नाही तर प्रत्येकाने घरी, चार-चार जणांच्या गटात, तो आधी बघून यायचं आणि हॉलमध्ये फक्त चर्चा करायची. ड्रेनेजच्या कामावर जाणाऱ्या आमच्या वस्तीतल्या दोन कामगारांना पहिल्यांदा बोलायला सांगितलंय. त्यातले एक म्हणाले, "मला भाषण येत नाही." मी म्हणाले, "भाषण नको, आत उतरायच्या आधी तुम्ही काय बघता तेवढंच सांगा."

सूत्रसंचालन ती एस.वाय.ची मुलगी करणार आहे. तिने साथीदारांवर दोन पानं लिहून आणली, मी खोडाखोड केली, तिने ती पुन्हा लिहिली. पहिलं वाक्य तिने माझं न ऐकता तसंच ठेवलंय: "मला मागच्या महिन्यापर्यंत यांचं नाव माहीत नव्हतं."

तुमच्या वस्तीतही १३ तारखेची संध्याकाळ बहुतेक मोकळीच असते. मंडप बांधून झालेला असतो, साऊंड लागलेला असतो, मध्यरात्री फटाके वाजेपर्यंत पोरं तिथेच बसून असतात. त्यातले दोन तास काढा. साथीदारांवर बोला, किंवा तुमच्या भागातल्या अशाच एखाद्या शाहिरावर, जलसाकारावर, गायिकेवर, जिचं नाव विसरलं गेलंय. आणि कलाकाराच्या हजेरीला लाख देणाऱ्या मंडळांनी निदान एवढं करावं, त्याच पावती पुस्तकातून गटारात उतरणाऱ्या आपल्या माणसांसाठी मास्क आणि बूट घ्यावेत. ते देणं खरं तर काम देणाऱ्याचं कायदेशीर कर्तव्य आहे, आणि ते त्याच्याकडून वसूल करायची लढाई सोडायची नाही. पण ती लढाई चालू असताना आपला माणूस झुरळावर विसंबून खाली उतरू नये.

जय भीम.